विलायतीचा खांदा

एक अख्खा पावसाळा आमच्या घरानं कान टवकारून काढला. रोज सकाळी माय चुलीपुढं भाकर थापत असायची आणि तिचा हात मधेच थांबायचा. उमाक्का, माझी थोरली बहीण, ओसरीच्या खांबाला टेकून उभी असायची, एक हात पोटावर. मी तोंडात चूळ धरून तशीच उभी. मग गोठ्यातून आवाज यायचा, खर्र, खर्र, खर्रर्र, आणि एकदम इंजिन धरायचं. धरलं की माय 'शिवा, शिवा' म्हणून भाकर तव्यावर टाकायची, अक्का खाली बसायची आणि मी चूळ थुंकायचे. ज्या दिवशी पहिल्या झटक्यात धरायचं नाही त्या दिवशी न्याहारी कुणाच्या घशाखाली नीट उतरायची नाही. आता माझी पन्नाशी उलटली. लातूरला आमच्या दारात गाडी उभी असते, ती सुरू झाल्याचं कळतसुद्धा नाही. तरी कुणी किल्ली फिरवली की मी बोलता बोलता थांबते. मुलं हसतात. हसू देत.

ती गाडी अप्पांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, नांदेडच्या एका डॉक्टरांकडून वापरलेली घेतली होती. पांढरीशुभ्र, चार दारांची, मागं ऐसपैस डिक्की. युरोपातल्या कुठल्याशा कंपनीनं आपल्याकडं मोठ्या थाटात आणलेली, आणि थोड्याच वर्षांत त्या कंपनीनं इथला गाशा गुंडाळलेला. तिचं खरं नाव आमच्या जिभेवर कधी बसलं नाही. पालमच्या बाजारात अप्पांचं कापडाचं दुकान होतं, तिथल्या गिऱ्हाइकांनी तिला विलायती म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव राहिलं. दार लावलं की 'थप्' असा जाड, भरीव आवाज यायचा. बाकी तिचं सगळंच उलटं. आपल्याकडच्या गाड्यांना वळायचा दिवा लावायची दांडी उजव्या हाताला, हिची डाव्या हाताला. अप्पा सवयीनं उजवी दांडी ओढायचे आणि कोरड्या काचेवर वायपर करकर फिरायला लागायचे. पारावरची माणसं म्हणायची, "बगा बगा, अप्पाची गाडी न्हाई मनायली." मागं घ्यायचं तर गिअरच्या दांड्याखालची एक कडी दोन बोटांनी वर ओढून धरावी लागायची. आणि सगळ्यात नवलाचं म्हणजे तिची पुढची चाकं ओढायची, मागची नुसती मागून यायची. हे अप्पा येईल त्याला सांगत, जसं काही त्यांनीच ते शोधून काढलं होतं.

पण हे कौतुक पहिल्या महिन्यापुरतंच. एकदा पुढच्या दिव्याची काच तडकली आणि अप्पा ती आणायला परभणीला गेले. मग नांदेडला गेले. मग एका ओळखीच्या माणसाला औरंगाबादला पाठवलं. सगळीकडून एकच उत्तर आलं, पार्ट मिळत नाही. कंपनीच गेली, पार्ट कुठून येणार? त्या दिवसापासून अप्पांच्या जिवाला जो घोर लागला तो शेवटपर्यंत गेला नाही. दार हळू लावा. काच खालीवर करू नका. पायाला चिखल असेल तर आधी पाय धुवा. हॉर्नसुद्धा ते वाजवत नसत, झिजला तर आणायचा कुठून? रस्त्यात म्हैस आली की खिडकीतून मुंडकं बाहेर काढून ओरडत, "ए, हो बाजूला!" एवढी झोकदार गाडी आणि तिचा मालक गुराख्यासारखा ओरडतोय, हे पाहून एसटीतली माणसं खिडक्यांतून बघत बसत. मायला लाज वाटायची. ती पदर नाकापर्यंत ओढून घ्यायची.

हौस म्हणून गाडी घेणारे अप्पा नव्हेतच. ते घडीचं कापडसुद्धा दोनदा मोजून फाडणारे. गाडी घेतली ती अक्कासाठी. अक्काचं सासर चुडाव्याचं. पहिल्या बाळंतपणाला ती आमच्याकडं आली होती. कळा सुरू झाल्या तेव्हा गावातली एकुलती भाड्याची जीप लग्नाच्या वऱ्हाडाला गेलेली. जीप येते, जीप येते, म्हणून आम्ही वेशीकडं बघत बसलो. जीप आली तेव्हा फार उशीर झाला होता. बाळ रस्त्यातच गेलं. अक्का वाचली, पण त्यानंतर ती कुणाशी नजर मिळवून बोलेना. आता दुसऱ्यांदा दिवस गेले होते आणि परभणीच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, कळा सुरू झाल्या की वेळ घालवायचा नाही, तडक इथं आणायचं. त्या एका फेरीसाठी विलायती आमच्या गोठ्यात उभी होती. पावसाळा लागल्यावर बाकी कुठं ती न्यायची नाही, फक्त रोज सकाळी सुरू करून बघायची. तिनं त्या दिवशी दगा दिला तर काय, हा प्रश्न घरात कुणी तोंडानं विचारला नाही. पण न विचारताच तो जेवायला बसायचा, आमच्यासोबत झोपायचा.

गाडी गोठ्यात उभी राहिली ती बैलांच्या जागी. शेत वाट्यानं दिलं आणि बैल विकले, कारण सगळं सांभाळणारे एकटे बापू होते आणि त्यांचं वय झालं होतं. बापू म्हणजे अप्पांचे थोरले भाऊ. त्यांची बायको लग्नानंतर लवकरच वारली, पुन्हा त्यांनी संसार मांडला नाही. आम्हा दोघी बहिणींना खांद्यावर घेऊन त्यांनीच वाढवलं. माणसांशी ते मोजकं बोलत, बैलांशी मात्र घडाघडा. बैल गेले त्या दिवशी ते जेवले नाहीत, दुसऱ्या दिवशी मात्र नेहमीसारखे पहाटे उठून गोठा झाडायला गेले. झाडायला तिथं काही नव्हतं. गाडी आली तेव्हा सगळ्यांत जास्त हरखले बापूच. गोठ्यात पुन्हा काहीतरी उभं होतं ना! पहिल्याच आठवड्यात त्यांनी तिला बैल घासायच्या काथ्यानं घासूनपुसून आंघोळ घातली. पांढऱ्या रंगावर हातभर ओरखडे उठले. अप्पा दुकानातून आले, बघितलं आणि त्यांचा पारा चढला.

"दादा, ही जनावर न्हाई! पार्ट मिळत न्हाई हिचा. आजपसून हात लावायचा न्हाई तुमी हिला. कुनीच लावायचा न्हाई!"

थोरल्या भावाला इतकं तोडून ते कधी बोलले नव्हते.  बापूंनी काथ्या दावणीच्या खुंटीला अडकवला आणि ते बाहेर गेले. नंतर ते गोठ्यात यायचे, पण दारातल्या दगडावर बसायचे. तिथूनच गाडीकडं बघायचे. एकदा त्यांनी मला हळूच विचारलं, "गौरा, ही पुढच्या चाकानं वढती मनतेत ते खरं हाय का गं?"

"खरं हाय बापू. इंजिनाचा जोर पुढच्या चाकायवर असतो."

"मंग जू तितंच बसत असंल," ते म्हणाले. मी हसले. मला वाटलं, म्हाताऱ्याला गंमत वाटतेय.

पोळा आला तेव्हा अक्काचे दिवस भरत आले होते. आमच्याकडं पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांची खांदमळणी असते. वर्षभर जू वाहून बैलाच्या खांद्याला घट्टे पडलेले असतात. लोणी आणि हळद एकत्र करून ते खांदे चोळायचे, आणि मग बैलाच्या कानाशी जाऊन म्हणायचं, 'आज आवतन घ्या, उद्या जेवाया या.' आमच्याकडं त्या वर्षी बैलच नव्हते. मायनं कुंभाराकडून मातीची जोडी आणून देवळीत ठेवली होती. बापूंनी त्या जोडीकडं बघितलंही नाही. दिवेलागणीला मी स्वयंपाकघरात पुरणाची डाळ निवडत होते, तेव्हा बापू आले आणि मायकडं वाटीभर लोणी मागितलं. हळदीच्या डब्यातून मूठभर हळद स्वतःच घेतली आणि बाहेर पडले. मायला वाटलं, शेजारच्या बैलांचे खांदे मळायला निघालेत. तिला गलबलून आलं. मलाही तेच वाटलं. परत आले तेव्हा वाटी रिकामी होती आणि चेहरा फार दिवसांनी निवळलेला. त्या रात्री त्यांनी भाकरही मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी पुरण शिजलं, वाटून झालं, येळवणीला फोडणी बसली आणि अक्का दाराशी येऊन म्हणाली, "माय, पाठीत धरल्यावानी व्हायलंय." मायच्या हातातलं उलथनं तसंच तव्यात राहिलं. पहिली पुरणपोळी करपली. मी दुकानाकडं पळत सुटले. पोळा म्हणून दुकान अर्धंच उघडं होतं. माझं तोंड बघूनच अप्पा उठले. चुडाव्याच्या दाजींना निरोप धाडला, रेल्वेनं परभणी गाठा म्हणून. गोठ्यात गाडीसमोर उभं राहून अप्पांनी कपाळावर भस्माची तीन बोटं ओढली. किल्ली फिरवली. खर्र. माय डोळे मिटून उभी. खर्र. अक्कानं माझं मनगट इतकं आवळलं की नखं रुतली. आणि इंजिन धरलं. मला आनंदानं रडू आलं. आता काही होत नाही, असं वाटलं.

अक्का मागं मधे, एका बाजूला माय, एका बाजूला मी. अप्पांशेजारची जागा रिकामी होती. अक्कानं खिडकीतून हाक मारली, "बापू, तुमी चला ना. तुमी आसलात तर मला भ्या वाटत न्हाई." बापूंनी अप्पांकडं बघितलं. अप्पा म्हणाले, "बसा दादा, जल्दी." बापू त्या गाडीत पहिल्यांदा बसले ते असे. दार त्यांनी इतकं हळू लावलं की ते लागलंच नाही, पुन्हा लावावं लागलं.

वेशीजवळ शेळ्या आडव्या आल्या. अप्पांनी पाय दाबला आणि गाडी थांबायच्या ऐवजी पुढं सरकत गेली. शेळ्याच बाजूला झाल्या म्हणून बरं. अप्पांच्या कानशिलावर घामाची रेघ आली ती मला मागून दिसली. पालम सोडलं. पुढं एका वळणावर त्यांनी पुन्हा पाय दाबून बघितला. "ब्रेक ऐकंना," ते पुटपुटले. आणि त्याच वेळी गाडीत एक वास यायला लागला. जळकट नव्हे. चांगला, खमंग वास. लोणी कढवताना घरभर सुटतो तसा. कळा सोसत असलेली अक्का म्हणाली, "माय, तूप कुठं कढायलंय?" मायला वाटलं, पोर बरळायला लागली. ती अक्काच्या कपाळावर हात फिरवत राहिली. अप्पांना वाटलं, गाडीतलं काहीतरी जळतंय, आणि जे जळतंय ते आता कुठंच मिळणार नाही. थांबावं तर अक्का. न थांबावं तर ब्रेक. ते नुसते "हे देवा, हे देवा" म्हणत होते. ती धास्ती मी जन्मात विसरणार नाही. 

गंगाखेड यायच्या आधी एक गाव रस्त्यालगत आहे. रस्ता तिथं ओढ्याकडं उतरतो. आम्ही उताराला लागलो आणि खाली बघतो तर सगळा रस्ता बैलांनी भरलेला. दुपार कलली होती, पोळा फुटायची वेळ. शिंगांना बेगड, अंगावर झुली, गळ्यात घुंगरमाळा, हलगी वाजतेय, माणसांवर गुलाल. रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत शिंगंच शिंगं. अप्पांनी ब्रेक दाबला. गाडीला त्याचं काहीच वाटलं नाही. त्यांनी दोन्ही पायांनी दाबला. गाडी आपली चाललीय. सवयीनं त्यांनी मुंडकं बाहेर काढलं आणि जीव तोडून ओरडले, "हो बाजूला! ओ, व्हा बाजूला!" हलगीच्या आवाजात कुणाला काय ऐकू जातंय? माय किंचाळली, "ओ, हारन वाजवा, हारन!"

"हारन नको!" बापू पहिल्यांदाच मोठ्यानं बोलले. "बैल बुजतील, मानसं तुडवतील." आणि त्यांनी आपल्या खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं आणि बैलांना घालतात ती लांब साद घातली, "हो… हो रे… होऽऽ." मागच्या रांगेतल्या बैलांनी कान फिरवले. बैल थांबले तशी माणसं वळली आणि आम्हाला बघून ओरडा झाला. अप्पांनी गिअर खाली ओढला, हातब्रेक उपसल्यासारखा वर खेचला आणि चाक डावीकडं फिरवलं. गाडी रस्ता सोडून काळ्या चिखलात शिरली, थोडी सरपटली आणि रुतून उभी राहिली. पुढं आम्ही बघितलं तर एका झुलीचा गोंडा काचेला टेकला होता. अक्काला काही झालं नव्हतं. ती फक्त म्हणाली, "अप्पा, थांबू नका." मला तिचं पहिलं बाळ आठवलं.

माणसं धावत आली. शिव्या देत आलेली माणसं अक्काला बघून गप्प झाली. गाडी चिखलात आसापर्यंत. कुणी म्हणालं, ट्रॅक्टर आणा. ट्रॅक्टरवाला सासुरवाडीला गेलेला. एका म्हाताऱ्यानं आपल्या बैलजोडीकडं बघितलं, आम्ही सगळ्यांनी बघितलं, आणि तो खाली मान घालून उभा राहिला. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत. त्यानं नाही म्हटलं नाही, पण त्याला हो म्हणवेना. तेव्हा बापू कुणाशी न बोलता मागं गेले आणि डिक्कीला आपला खांदा लावला. क्षणभर एकटेच. मग तो म्हातारा गेला. मग गुलालानं माखलेली सगळीच माणसं गेली. "हर हर महादेव!" गाडी हलली, पुन्हा बसली, पुन्हा हलली आणि रस्त्यावर चढली.

अप्पा पुढच्या चाकापाशी उकिडवे बसले. विलायतीच्या चाकांना मोठमोठ्या खाचा होत्या, आत ब्रेकची चकती लकलकताना दिसायची. त्या खाचेतून त्यांनी बोट आत घातलं आणि बाहेर काढलं. बोट पिवळं होतं. ते त्यांनी नाकाशी नेलं. मग मान वर केली. समोर बापू उभे होते आणि घाम पुसायला उचललेले त्यांचे दोन्ही तळवे मला दिसले. पिवळेजर्द. तूप कढल्याचा वास कुठून आला ते मला त्या क्षणी उमगलं. बापूंनाही उमगलं. ते त्या बोटाकडं बघत होते. जी चकती सगळ्यात जास्त घासून गुळगुळीत झालीय तोच हिचा खांदा, असं धरून त्यांनी आदल्या संध्याकाळी दोन्ही चाकांत हात घालून ती मनापासून चोळली होती. अक्काला न्यायचंय, ओझं जपून ने, असं तिला सांगितलंही असणार. त्यांचा चेहरा मला बघवेना. अप्पांचा राग मला ठाऊक होता. काथ्याच्या ओरखड्यावर जो माणूस तसा बोलला तो आता, एवढ्या लोकांत, काय बोलेल? बोलला तर बापू पुन्हा आमच्या घरात राहणार नाहीत, हे मला लख्ख कळलं. मी देवाला अक्कासाठी हात जोडत होते, त्यात बापूंचीही भर पडली.

"काय झालं हो पावनं?" कुणीतरी विचारलं.

अप्पांनी बोट चिखलात पुसलं. "पार्ट गेला," ते म्हणाले. "जुनी गाडी हाय. पार्ट मिळत न्हाई हिचा."

डिक्कीतून त्यांनी पेट्रोलचा कॅन काढला. डोक्याचा नवा कोरा रुमाल सोडला, त्यात भिजवला आणि लोकांकडं पाठ करून दोन्ही चाकांतल्या चकत्या घासून पुसल्या. तो पिवळा झालेला रुमाल त्यांनी गोळा करून ओढ्यात भिरकावला. "दादा, बसा," म्हणाले. पुढचा सगळा रस्ता त्यांनी खालच्या गिअरमध्ये, बैलगाडीच्या चालीनं तोडला. ब्रेक हळूहळू ऐकायला लागला होता, पण अप्पांचा विश्वास उडाला होता. गंगेच्या, म्हणजे आमच्या गोदावरीच्या, पुलावर मायनं हात जोडले. बापू दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले होते. परभणीपर्यंत ते हात त्यांनी वर काढले नाहीत.

दवाखान्यात पोचलो आणि अक्काला आत नेलं. दाजी आधीच येऊन बसले होते. रात्र पडता पडता आतून रडण्याचा आवाज आला. चांगला खणखणीत. मुलगी झाली. माय भिंतीला टेकून खाली बसली आणि ढसाढसा रडली. मी बापूंना सांगायला बाहेर धावले. ते आवारातल्या नळावर उकिडवे बसून हात धूत होते. आधी नुसत्या पाण्यानं, मग मातीनं, मग नखांनी. हळद ती, अशी कुठं निघते? मी म्हणाले, "बापू, पोरगी झाली, अक्का लय बरी हाय." त्यांनी आभाळाकडं बघून मान हलवली. आत आले. नर्सनं दुपट्यातलं बाळ त्यांच्यापुढं धरलं. बापूंनी हात मागं घेतले.

"न्हाई," ते म्हणाले. "वले हायेत."

परतल्यावर दुसऱ्याच दिवशी बापू घोंगडी घेऊन शेतातल्या आखाड्यावर, म्हणजे तिथल्या खोपटात, राहायला गेले. ज्वारीची राखण करतो म्हणाले. ज्वारी अजून पेरायची होती. कुणी त्यांना काही बोललं नव्हतं, म्हणून कुणाला समजूतही घालता येईना. मग घराचे कान त्या दिशेला लागले. पाऊस कोसळला की माय म्हणायची, आखाडा गळत असंल. विंचूकाट्याचं नाव निघालं की ती हातातला घास ताटात ठेवायची. डबा रोज जायचा आणि घासून लख्ख होऊन यायचा. अप्पा संध्याकाळी दुकान लावून आले की ओसरीवर बसून शेताकडं जाणाऱ्या पांदीकडं बघत राहायचे. गाव म्हणायला लागलं, भावाभावांत फाटलं. दिवाळीला बापू आले, जेवले आणि गेले. बाळाच्या नामकरणाला चुडाव्याला आले ते मांडवाच्या कडेलाच उभे राहिले. मुलीला त्यांनी हात लावला नाही. गोठ्याच्या दारातल्या त्या दगडावर वर्षभर कुणी बसलं नाही.

विलायती त्यानंतरही काही वर्षं चालली. मग खरंच तिचा एक पार्ट गेला आणि तो मिळाला नाही. पण मी सांगतेय ती गोष्ट त्याच्या आधीची, पुढच्या पोळ्याची.

आदल्या दिवशी अक्का लेकीला घेऊन माहेरी आली होती. दुपारी अप्पा दुकानातून लवकर आले आणि मायला म्हणाले, "वाटीभर लोनी दे. हळद बी." आम्ही एकमेकींकडं बघितलं. "आन् बसा गाडीत समद्या." त्या साली पावसानं ओढ दिली होती, पांदीची वाट कोरडी होती, तरी ती बैलगाडीची वाट. डांबर सोडून कधी गाडी न नेणारे अप्पा ती वाट तुडवत निघाले. खालून दगड लागले की आम्ही सगळ्या दात आवळायचो. अप्पांनी मात्र गाडी थांबवली नाही. माझ्या मांडीवर लोण्याची वाटी होती. बापू आले नाहीत तर? अप्पाच तिथं काही भलतं बोलले तर?

बापू आखाड्यापुढं दोरी वळत बसले होते. गाडी बघून उभे राहिले. अप्पा उतरले, माझ्या हातातली वाटी घेतली आणि त्यांच्यापुढं धरली. बापूंनी ती घेतली नाही.

"दादा," अप्पांनी पुढच्या चाकाच्या वरच्या पत्र्यावर हात ठेवला, जिथं तो फुगीर होऊन बोनेटला मिळतो तिथं. "हिचा खांदा हितं हाय. खाली चाकात न्हाई."

बापूंनी त्या पत्र्याकडं बघितलं. "तुला तवाच ठावं झालं व्हतं," ते म्हणाले. "मंग लोकायम्होरं पार्ट गेला मनून काहून सांगितलंस?"

"मंग काय सांगू? भावानं गाडीचे खांदे मळले मनून? परभनीपस्तर हासले असते तुमाला."

"पोरगी गेली असती, रं. माझ्या हातानं."

"तुमीच खांदा लावला मनून निघाली गाडी." अप्पांनी वाटी आणखी पुढं केली. "मीच तुमाला हात लावू देत न्हवतो. तोडून बोललो तुमाला. दावलंच न्हाई तुमाला काई, तर कळंल कसं? आता दावतो. घ्या."

बापूंनी वाटी घेतली. आधी एका बोटानं, भीत भीत, जसं तापलेल्या तव्याला लावावं. मग दोन्ही तळव्यांनी. पांढऱ्या पत्र्यावर पिवळे पट्टे ओढले गेले, तिथं त्यांचेच जुने ओरखडे होते, त्यांच्यावरून. एका बाजूचा खांदा झाला, मग फिरून दुसऱ्या बाजूचा. माय तोंडाला पदर लावून उभी होती. अप्पा जाऊन आपल्या जागेवर बसले होते. मळून झाल्यावर बापू आरशाजवळ वाकले, बैलाच्या कानाशी वाकावं तसे, आणि हळू आवाजात म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाया या."

आणि अप्पांनी हॉर्न वाजवला.

आम्ही तो कधी ऐकलाच नव्हता. केवढा मोठा होता! बाभळीवरची पाखरं उडाली, अक्काच्या कडेवरची पोरगी दचकून भोकाड पसरून रडायला लागली, आणि आपले हात कसे आहेत ते विसरून बापूंनी तिला उचलून घेतलं.